तिकिटाचा पैसा जंगलात पोहोचतो का?

डुक्कर म्हटलं की आपल्याला उकिरड्यावरचं डुक्कर आठवतं, फार तर उसाच्या शेतात घुसणारं रानडुक्कर. पण आसामातल्या उंच गवतात डुकराची एक अशी जात राहते, जी पूर्ण वाढली तरी खांद्यापाशी जेमतेम २५ सेंटीमीटर उंच भरते. शाळेतली फूटपट्टी शेजारी उभी धरली, तर पट्टीच उंच ठरेल. वजन आठ-दहा किलो. इंग्रजीत तिला पिग्मी हॉग म्हणतात. आपण ठेंगू रानडुक्कर म्हणू. जगातलं हे सर्वांत छोटं आणि सर्वांत दुर्मीळ डुक्कर.

एकेकाळी ही जात संपलीच, असा समज होता. १९७१ मध्ये आसामात गवताला आग लागली, तेव्हा जीव वाचवायला काही जनावरं चहाच्या मळ्यात शिरली आणि कामगारांच्या हाती लागली. जात जिवंत असल्याचं जगाला असं कळलं. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ती टिकली, आणि ज्या जंगलांतून नाहीशी झाली होती तिथे पुन्हा नांदू लागली. यात आसाम वनविभागाचा, तिथल्या स्थानिक संस्थांचा मोठा वाटा आहे. पण आणखी एक वाटेकरी आहे, आणि तो ऐकून मी चकित झालो: इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी नावाच्या चिमुकल्या बेटावरचं एक प्राणिसंग्रहालय.

जर्सीत तिकीट काढून माकडं बघायला आलेल्या कुटुंबाचा पैसा ब्रह्मपुत्रेच्या काठच्या गवतापर्यंत कसा पोहोचतो? आणि आपण हैदराबादच्या झू पार्कला जातो, तेव्हा आपल्या पैशाचं काय होतं?

आनंदमेळ्याचे अकरा हजार

या भानगडीत मी पडलो ते आपल्या बालगटामुळे. गेल्या हिवाळ्यात मुलांनी आनंदमेळा केला. भेळ, साबुदाणावडे, तिळाच्या वड्या, नेम मारून बरणी जिंकायचा खेळ. खर्च वजा जाता अकरा हजारांच्या वर रक्कम उरली. मुलांनी एकमताने ठरवलं, की या पैशांतून झूमधला एखादा प्राणी दत्तक घ्यायचा. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात तशी योजना आहेच.

पालकांच्या ग्रुपवर मात्र दोन तट पडले. एकीने लिहिलं, "झू म्हणजे तुरुंग. मुलांच्या कष्टाचे पैसे तुरुंगाला कशाला?" लगेच दुसऱ्याचं उत्तर, "झू नसतं तर तुमच्या-आमच्या मुलांनी वाघ फक्त मोबाइलवर बघितला असता." एका ज्येष्ठ काकांनी दोघांनाही सुनावलं, "आधी हिशेब बघा, मग भांडा." हिशेबाचं काम माझ्याकडे आलं, सॉफ्टवेअरवाला म्हणजे त्याला एक्सेल येणारच, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. त्यात माझ्या भाचीने विचारलं, "मामा, आपण दिलेले पैसे त्या एकाच वाघाला मिळणार, की जंगलातल्या वाघांना पण?"

प्रश्न आठ वर्षांच्या मुलीचा होता, पण जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना गेली काही दशकं हाच प्रश्न विचारला जातोय. महिनाभर रात्री जेवणं झाल्यावर मी वाचत बसलो. जे हाती लागलं ते मांडतो.

तीन वेगळी खाती

प्राणिसंग्रहालय "वन्यजीव संवर्धन करतं" असं म्हणतं, तेव्हा त्या एका शब्दात तीन वेगवेगळी कामं येतात. ती वेगळी केल्याशिवाय हिशेब लागत नाही.

पहिलं, आवारातल्या प्राण्यांची देखभाल: चारा, मांस, औषधं, पाणी, पगार, पिंजऱ्यांची डागडुजी. खर्चाचा सर्वांत मोठा भाग इथे जातो. दुसरं, दुर्मीळ प्राण्यांची पैदास. तिसरं, जंगलातलं प्रत्यक्ष काम: तिथे राहणाऱ्या माणसांबरोबर, वनविभागाबरोबर, त्या प्राण्याच्या मूळ घरी केलेलं काम. भाचीचा प्रश्न या तिसऱ्या खात्याबद्दल होता.

या तिसऱ्या खात्यात किती पैसा जातो? जगभरच्या प्राणिसंग्रहालय संघटनांच्या आकड्यांवरून २०११ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला होता. वर्षाला ७० कोटींहून अधिक भेटी आणि वन्यजीव संवर्धनावर सुमारे ३५ कोटी डॉलर खर्च. भागाकार केला तर दर भेटीमागे अर्धा डॉलर. अमेरिकेतली प्राणिसंग्रहालयांची संघटना आपल्या सदस्यांना सांगते, की वार्षिक खर्चाच्या किमान तीन टक्के इतकी रक्कम जंगलातल्या कामावर लावा. म्हणजे शंभरातले तीन.

आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. शंभरातले तीनच, म्हणजे सत्त्याण्णव तर पिंजऱ्यातच राहिले. पण तेच ३५ कोटी डॉलर एकत्र धरले, तर वन्यजीवांसाठी जगात पैसा पुरवणाऱ्या मोठ्या संस्थांच्या रांगेत प्राणिसंग्रहालयं बसतात. थोडे पैसे, पण फार मोठ्या गर्दीचे. प्रश्न उरतो तो हा, की एवढ्या पैशात होतं काय.

सहा जनावरांपासून

जर्सीचं प्राणिसंग्रहालय जेराल्ड ड्यूरेल या लेखकाने १९५९ मध्ये सुरू केलं. लहानपणीच्या गमतीजमती सांगणारी त्याची पुस्तकं इंग्रजीत खूप खपली, आणि लेखनातून मिळालेला पैसा त्याने प्राण्यांवर लावला. त्याच्या संस्थेचं बोधचिन्ह आहे डोडो, माणसाने संपवलेला पक्षी. प्राणिसंग्रहालयाने नामशेष व्हायला आलेल्या जाती वाचवाव्यात आणि शक्य तिथे त्या परत घरी सोडाव्यात, हे त्याचं म्हणणं. त्या काळी ते अनेकांना वेडेपणाचं वाटे.

ठेंगू रानडुकरांचा प्रश्न मोठा बिकट होता. त्यांना लागतं हिमालयाच्या पायथ्याचं, पुराच्या पाण्यावर वाढणारं, माणसाच्या डोक्यावर जाईल इतकं उंच गवत. ती गवताचं घरटं बांधून त्यात झोपतात, नर आणि मादी दोघंही, आणि वर्षभर. असं गवत शेतीखाली गेलं, वस्तीखाली गेलं. जे उरलं ते दरवर्षी जाळलं जाई, कोवळा चारा यावा म्हणून. सत्तरच्या दशकात काही जनावरं युरोपात झुरिकच्या प्राणिसंग्रहालयात पाठवली होती. ती वंशावळ टिकली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खात्रीने सांगता येईल असं एकच घर उरलं होतं: मानस. आणि मानसमध्ये त्या काळात अशांतता होती. १९९२ मध्ये युनेस्कोने मानसची नोंद धोक्यातल्या वारसास्थळांत केली. ती निघाली २०११ मध्ये.

अशा वेळी, १९९५ मध्ये, ड्यूरेलची संस्था, आसाम वनविभाग, केंद्राचं पर्यावरण मंत्रालय आणि आययूसीएनचा रानडुकरांवर काम करणारा तज्ज्ञगट यांच्यात करार झाला. १९९६ मध्ये मानसमधून सहा जनावरं पकडली आणि गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथे पैदास केंद्र सुरू झालं.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. जनावरं विमानात घालून जर्सीला नेली नाहीत. पैसा, पशुवैद्यकीय ज्ञान आणि प्रशिक्षण आसामात आलं. डुकरं, केंद्र आणि कामाची माणसं आसामातलीच राहिली. जर्सीच्या प्रेक्षकांनी ज्या प्राण्याला पैसे दिले तो प्राणी त्यांना त्यांच्या झूमध्ये कधी दिसलाच नाही. देणगी म्हणून याचा विचार करून बघा. आपण मंदिरात पाटीवर नाव कोरायला देतो, आणि हे लोक सात समुद्रापलीकडच्या, न दिसणाऱ्या डुकराला देतात.

पैदास होऊ लागली, पण तो सोपा भाग होता. केंद्रात वाढलेलं जनावर जंगलात सोडायचं, तर त्याला माणसाची सवय लागता कामा नये. म्हणून सोडायच्या जनावरांचे छोटे कळप करून त्यांना नामेरीजवळ पोटासाली इथे, खऱ्या गवताच्या आवारात काही महिने ठेवलं जातं. तिथे माणसाचा वावर कमीत कमी. ती स्वतः जमीन उकरून खायला शिकतात, घरटी बांधतात. मग जंगलात नेल्यावरही लगेच मोकळं करत नाहीत. दोन-तीन दिवस विजेच्या कुंपणात ठेवतात आणि मग एका बाजूने वाट उघडतात. मुलीला सासरी पाठवताना पाठराखीण देतात ना, तसंच काहीसं.

पहिली तुकडी २००८ मध्ये सोनाई-रूपाई अभयारण्यात सोडली. २०१० पर्यंत तिथे ३५ जनावरं गेली. मग ओरांगमध्ये ५९, बरनाडीत २२, आणि २०२० मध्ये मानसमध्ये १४. २०२० पर्यंत एकूण १३०. शेवटच्या आकड्यावर मी जरा थांबलो. १९९६ मध्ये ज्या मानसमधून सहा घेतली, त्याच मानसला चोवीस वर्षांनी चौदा परत दिली. ओरांगमध्ये सोडलेल्यांची पुढची पिढीही जंगलातच जन्मली.

याच गोष्टीत आणखी एक पात्र आहे, एक ऊ. ही ऊ फक्त ठेंगू रानडुकराच्याच अंगावर जगते, म्हणून तीही धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. डुक्कर गेलं की ऊ गेली. उलट गवत राहिलं, तर डुकराबरोबर गेंडा, पाडा हरणं, बंगाल तणमोर हे सगळेच राहतात. म्हणून या प्रकल्पाचा बराचसा वेळ डुकरावर जातच नाही. तो जातो गवतावर. कोणतं गवत कधी जाळायचं, किती पट्टे मधे शाबूत ठेवायचे, वनरक्षकांना ते कसं समजावायचं. तिसऱ्या खात्यातला पैसा म्हणतात तो हा. त्याचा फोटो चांगला येत नाही, पण सगळं त्याच्यावर टिकून आहे.

आणि हे सगळं अजूनही नाजूकच आहे. २०२० मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. पाळीव डुकरं पटापट मेली. तो विषाणू केंद्रात शिरला असता, तर पंचवीस वर्षांची मेहनत काही आठवड्यांत गेली असती. गाड्यांची चाकं, बूट, खाणं, येणारी-जाणारी माणसं, सगळ्यांवर कडक निर्बंध आले. असे खर्च कुठल्याही आकर्षक जाहिरातीत बसत नाहीत. त्यासाठी दरवर्षी न चुकता येणारा पैसाच लागतो.

वंशावळीचं सॉफ्टवेअर

माझ्या धंद्याशी नातं सांगणारा एक भाग मला इथे सापडला. सहा जनावरांपासून वंश वाढवायचा, तर भावंडांची आपसांत लग्नं लागण्याचा धोका पहिल्या पिढीपासूनच असतो. गणित सांगतं, की एकमेकांशी नातं नसलेल्या सहा जनावरांत मूळ आनुवंशिक वैविध्याचा साधारण ९२ टक्के भाग येतो. ऐकायला छान वाटतं. पण दर पिढीला त्यातलं थोडं गळत जातं, आणि जोड्या चुकीच्या लावल्या तर भराभर गळतं.

म्हणून प्रत्येक प्राण्याची नोंदवही ठेवतात: आई कोण, बाप कोण, जन्म कधी, कुठे. मग प्रत्येक जनावराचं उरलेल्या सर्वांशी सरासरी नातं किती जवळचं आहे ते काढतात. ज्याचं नातं सर्वांत कमी, त्याचे जीन्स सर्वांत मोलाचे, त्याची जोडी आधी जुळवायची. आपल्याकडे गोत्र बघून स्थळं बघायचे, त्याचाच हा भाऊबंद. फक्त इथे पत्रिकेऐवजी डेटाबेस आहे.

जगभरच्या प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी एकत्र ठेवण्याचं काम १९७४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा इथून सुरू झालं. त्या संस्थेचं आजचं नाव स्पीशीज ३६०, आणि तिची प्रणाली हजाराहून अधिक संस्था वापरतात. माझ्या ऑफिसात आम्ही ग्राहकांच्या दुहेरी नोंदी काढण्यात दिवस घालवतो. तिकडे कुणीतरी तितक्याच चिकाटीने माकडांच्या दुहेरी नोंदी काढत असतो. आपल्या तरुण मंडळींपैकी ज्यांना वाटतं, की वन्यजीवांसाठी काम करायचं म्हणजे जीवशास्त्रच शिकायला हवं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे कोड लिहिणाराही लागतो.

हिमबिबट्या आणि गावचा विमा

दुसरं उदाहरण आपल्या हिमालयातलं, पण सुरुवात पुन्हा दूरच्या झूमध्येच. अमेरिकेत सिएटल शहरातल्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात १९७२ मध्ये हिमबिबट्यांची एक जोडी आली. तिथे स्वयंसेविका म्हणून येणारी हेलन फ्रीमन त्यांच्या प्रेमात पडली. पुढे तिने त्यांचा अभ्यास केला, झूमध्ये नोकरी केली, आणि तिच्या लक्षात आलं, की पिंजऱ्यात पिल्लं होऊन भागणार नाही. जंगलातले हिमबिबटे वाचले तरच याला अर्थ आहे. १९८१ मध्ये तिने स्नो लेपर्ड ट्रस्ट स्थापन केला. त्याला आजही अनेक प्राणिसंग्रहालयांचा आधार आहे.

या ट्रस्टची भारतातली सोबती म्हणजे म्हैसूरची नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन. तिचं एक जुनं कार्यक्षेत्र हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं किब्बर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४२०० मीटर उंचीवरचं गाव. तिथे माणसाचं सगळं धन म्हणजे याक, मेंढ्या, शेळ्या, घोडे. हिमबिबट्याने एका रात्रीत गोठ्यात शिरून चार-पाच जनावरं मारली, तर त्या घराचं वर्ष गेलं. अशा माणसाला "हिमबिबट्या वाचवा" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषणं दिली नाहीत. आधी गावाशी बोलून चराईचा एक तुकडा मोकळा ठेवायचं ठरलं, त्याचा मोबदला गावाला मिळाला. जनावरं तिथे जाईनाशी झाली, तशा भरल, म्हणजे हिमबिबट्याचं नेहमीचं खाद्य असलेल्या रानमेंढ्या, वाढल्या. मग २००२ मध्ये पशुधनाचा विमा सुरू झाला. हप्ता गावकरी भरतात, संस्था त्यात भर घालते, आणि जनावर खरंच हिमबिबट्याने मारलं का हे गावचीच समिती ठरवते. बाहेरच्या तपासनिसापेक्षा शेजाऱ्याला खरं-खोटं अधिक कळतं, हा साधा शहाणपणा त्यामागे आहे. गोठ्यांना वरून जाळी, भक्कम दारं लावून दिली, की नुकसान मुळातच कमी.

मंगोलियात याच ट्रस्टने १९९८ च्या सुमारास आणखी एक वाट काढली. मेंढपाळ बायका लोकरीच्या वस्तू करतात; बदल्यात त्यांचा गाव शिकार न करण्याचं कबूल करतो आणि वचन पाळलं तर वर्षाला बोनस मिळतो. त्या वस्तू परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांच्या दुकानांत विकल्या जातात. झूच्या दारातल्या दुकानात आपण प्लॅस्टिकचा वाघ घेतो तेव्हा फक्त प्लॅस्टिक घरी येतं. तिथे घेतलेल्या लोकरीच्या मांजरामागे मात्र एका घराचं उत्पन्न असतं.

आपल्या झूमध्ये काय चालतं

आता घरचा हिशेब. आपल्याकडची बहुतेक प्राणिसंग्रहालयं राज्याच्या वनविभागाची किंवा महापालिकेची. तिकिटाचा पैसा मुख्यतः पहिल्या खात्यात जातो, आणि दत्तक योजनेचाही तिथेच: त्या प्राण्याच्या खाण्या-राहण्यावर. यात फसवणूक काही नाही, ती योजना असतेच तशी. फक्त दत्तक घेताना आपण जंगलातल्या वाघाला नाही, समोरच्या वाघाला जेवू घालतोय, एवढं माहीत असावं.

पण दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यांत आपल्याकडे काहीच नाही, असं मुळीच नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण दुर्मीळ जातींच्या पैदाशीसाठी ठरावीक प्राणिसंग्रहालयांना पैसा देतं. आपल्या झू पार्ककडे आलेला असाच एक प्राणी म्हणजे पिसोरी.

कोकणातल्या, विदर्भातल्या जुन्या माणसांना पिसोरी ठाऊक असेल. सशापेक्षा थोडंसंच मोठं, तीनेक किलोचं, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेलं, रात्री वावरणारं हरणासारखं जनावर. शिंगं नाहीत, नराला बारीक सुळे असतात. २०१० मध्ये नेहरू प्राणिसंग्रहालयात, प्राधिकरणाच्या पैशातून आणि अत्तापूरच्या लॅकोन्स प्रयोगशाळेच्या मदतीने त्याची पैदास सुरू झाली. लॅकोन्स ही सीसीएमबीची धोक्यातल्या प्राण्यांसाठीची प्रयोगशाळा. विमानतळाकडे जाताना आपण तिच्या आसपासून कितीदा जातो, पण आत काय चालतं ते माहीत नसतं. २०१७ मध्ये इथे जन्मलेल्या पिसोरींची पहिली तुकडी श्रीशैलमच्या वाटेवरच्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात, नल्लमला डोंगरात सोडली. जर्सी-आसामची गोष्ट ऐकून भारावणाऱ्या आपल्याला बहादूरपुऱ्यातली ही गोष्ट माहीत नसावी, याचं मला नवल वाटलं.

गिधाडांची गोष्ट याहून कडू. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडायला २००४ उजाडलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. मुंबईच्या बीएनएचएसने हरियाणात पिंजोर इथे पैदास केंद्र चालवलं होतंच. प्राधिकरणाच्या मदतीने हैदराबाद, भोपाळ, जुनागढ आणि भुवनेश्वर इथल्या प्राणिसंग्रहालयांतही केंद्रं झाली. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची वीस गिधाडं महाराष्ट्रात आली: दहा ताडोबाला, दहा पेंचला.

पण पिंजऱ्यात कितीही गिधाडं वाढवली, तरी बाहेरच्या मढ्यात विष असेल तर ती मरणारच. म्हणून गिधाडांच्या बाबतीत "जंगल" म्हणजे गावातलं औषधांचं दुकान आणि गुरांचा डॉक्टर. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेन या आणखी दोन औषधांवर गुरांसाठी बंदी आली, ती अशाच पाठपुराव्यामुळे. मेलोक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय असताना दुसरं काही वापरू नका, एवढं शेतकऱ्याला पटवणं हे काम शंभर अंडी उबवण्याइतकंच मोलाचं आहे.

तुरुंग म्हणणाऱ्यांचं काय?

ग्रुपवर "तुरुंग" म्हणणारीचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. अरुंद पिंजऱ्यात एकाच रेषेत येरझारा घालणारं अस्वल मीही बघितलंय. संवर्धनाची पाटी लावून कुठलंच संवर्धन न करणारी प्राणिसंग्रहालयं जगात आहेत. झूमध्ये दिसणारे बरेच प्राणी दुर्मीळ नसतातच. ते गर्दी खेचतात म्हणून ठेवलेले असतात. हेही खरं, की प्राणी सोडणं दर वेळी जमत नाही. घर शिल्लक नसेल, शिकार थांबली नसेल, तर सोडलेला प्राणी मरायलाच सोडला असं होतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. कॅलिफोर्नियातला काँडोर हा मोठा गिधाडवर्गी पक्षी १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरला होता, आणि ते सगळेच्या सगळे सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांच्या हवाली होते. त्यावर तेव्हा कडाक्याचे वाद झाले. आज ते पाचशेच्या वर आहेत आणि निम्म्याहून अधिक मोकळ्या आकाशात उडतात. त्या २७ ना "तुरुंगात" टाकलं नसतं, तर आज वाद घालायलाही काँडोर उरला नसता.

मला तरी यातून एक कसोटी मिळाली. झू असावं की नसावं हा प्रश्न फार ढोबळ आहे. हे झू भिंतीबाहेर काय करतं, हा खरा प्रश्न.

आनंदमेळ्याच्या पैशांचा निर्णय मुलांवरच सोपवला. मी त्यांना रविवारी अर्धा तास हीच माहिती सांगितली, ठेंगू रानडुकराचं चित्र दाखवलं, तिन्ही खाती फळ्यावर लिहिली. मतदान झालं. अर्धी रक्कम झूच्या दत्तक योजनेला, कारण "समोरच्यालाही भूक लागते". अर्धी जंगलात काम करणाऱ्या एका संस्थेला. हत्ती परवडणार नव्हता आणि वाघ तर नाहीच. त्यांनी एक पक्षी निवडला. भाचीने मागितलेली अट अशी, की संस्थेने वर्षाच्या शेवटी दोन ओळी तरी कळवाव्यात, पैसे कशावर गेले. "तुरुंग" लिहिणाऱ्या ताईंनी या दुसऱ्या अर्ध्यात स्वतःची भर घातली.

पुढच्या वेळी जाल तेव्हा

सुट्टीत आपण झूला जाणारच. इंदूरचं असो, ग्वाल्हेरचं, बडोद्याच्या सयाजी बागेतलं, बेळगावजवळचं किंवा गोव्यातलं बोंडला. जाताना मुलांना हे चार प्रश्न देऊन बघा.

इथला कोणता प्राणी दुर्मीळ म्हणून पैदाशीसाठी ठेवलाय? पाटी वाचा, नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. जनावरांची देखभाल करणाऱ्यांना इतकं कळतं आणि त्यांना इतकं कमी विचारलं जातं, की ते आनंदाने बोलतात.

इथे जन्मलेला एखादा प्राणी कधी जंगलात सोडलाय का? कुठे? त्याचं पुढे काय झालं?

आम्ही दिलेली देणगी कुठल्या खात्यात जाते: खाण्याच्या, पैदाशीच्या, की जंगलातल्या कामाच्या?

आणि वार्षिक अहवाल कुठे वाचायला मिळेल? सरकारी संस्थांचे अहवाल सार्वजनिक असतात. तो मागणारे चार पालक दरवर्षी निघाले, तर अहवाल लिहिणाऱ्यालाही जंगलाचा रकाना रिकामा ठेवायला संकोच वाटेल.

मुलांना सिंहाची गर्जना ऐकू द्या, जिराफाला बघून हसू द्या. त्या आनंदात काही गैर नाही. कोणे एके काळी सिएटलची एक बाई अशीच पिंजऱ्यासमोर उभी राहून दोन हिमबिबट्यांकडे टक लावून बघत होती, आणि त्यातून किब्बरच्या गोठ्याला जाळी लागली. आपल्यापैकी कुणाचं पोर कशाकडे टक लावून बघत राहील, ते आज कोण सांगणार? आपण एवढंच करायचं, की घरी येताना गाडीत त्याला विचारायचं: "हा प्राणी राहतो तरी कुठे? आणि तिथे त्याचं बरं चाललंय का?"